साहित्य पाठवावे : निमंत्रण कोणाला?

लहान नियतकालिकाच्या अखेरच्या पानावर, वर्गणीच्या दरांखाली, चार-सहा ओळींचे एक निवेदन असते. पुढील अंक अमुक विषयावर निघत आहे, लेखक-कवींनी आपले साहित्य अमुक तारखेपर्यंत पाठवावे, शब्दमर्यादा इतकी, निवडीचा अधिकार संपादक मंडळाचा राहील, निवडीबाबत पत्रव्यवहार केला जाणार नाही. वाचक या ओळी ओलांडून जातो. समीक्षक तर त्यांच्याकडे पाहतही नाही. कवितेची चिकित्सा होते, आत्मकथनाची होते, संपादकीयाचीही होते. या निवेदनाची होत नाही.

माझे म्हणणे असे की, नियतकालिकाची भूमिका संपादकीयातून जितकी कळते त्याहून अधिक या निवेदनातून कळते. संपादकीयात आपण काय मानतो ते संपादक सांगतो. निवेदनात तो कोणाला लेखक मानतो ते उघडे पडते. अंकात कोणाचा शब्द येणार आणि कोणाचा घरच्या वहीत राहणार, याचा पहिला निर्णय निवड समितीच्या बैठकीत होत नाही. तो या चार ओळी लिहिल्या जातात तेव्हाच होऊन गेलेला असतो. म्हणून दलित, आंबेडकरवादी आणि परिवर्तनवादी म्हणवणाऱ्या नियतकालिकांच्या निवेदनांकडे आपण कवितेइतक्याच कठोरपणे पाहिले पाहिजे.

आपल्या समाजाला निमंत्रणाचा इतिहास चांगला ठाऊक आहे. गावकीत सांगावा पोचवण्याचे काम महाराचे होते. मर्तिकाचा निरोप घेऊन उन्हातान्हात दुसऱ्या गावी तोच जाई. साऱ्या गावाला बोलावणारा तो होता, पण बोलावणे त्याच्यासाठी नसे. मराठी साहित्याचा व्यवहार दीर्घ काळ याहून फार वेगळा नव्हता. दलितांच्या श्रमावर उभ्या असलेल्या समाजाचे साहित्य दलितांवाचून लिहिले गेले, आणि 'साहित्य पाठवावे' ही ओळ आपल्यासाठी आहे असे आपल्या बापजाद्यांना कधी वाटले नाही. वाटावे अशी ती लिहिलीही गेली नव्हती.

जिथे दार उघडले गेले तिथे काय घडले, हे पाहण्यासारखे आहे. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'ने मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतील मातंग मुलीचा निबंध दोन भागांत छापला. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिणाऱ्या त्या मुलीने धर्मालाच प्रश्न विचारला होता. त्या निबंधामागे शाळा होती, लिहून घेणारे शिक्षक होते आणि छापणारे पत्र होते. या तिघांपैकी एक जरी नसते तरी तो निबंध आपल्यापर्यंत पोचला नसता. पुढे १९०८ मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्याहून 'सोमवंशीय मित्र' सुरू केले. मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध त्यांनी त्या मासिकातून आवाहन केले. त्या आवाहनाला उत्तर म्हणून मुरळीचे जिणे भोगलेल्या शिवूबाईचे पत्र आले आणि ते छापले गेले. हे आवाहन 'साहित्यिकांना' नव्हते. ते ज्यांचे आयुष्य पणाला लागले होते त्यांना होते. म्हणून उत्तर आले. आज आपण दलित स्त्रीच्या लेखनाचा आरंभ शोधताना ज्या कागदापाशी जाऊन थांबतो, तो कागद एका मासिकाच्या हाकेला दिलेली ओ आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची पत्रे या दृष्टीने पुन्हा वाचली पाहिजेत. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. म्हणजे लेख दूरच, अस्पृश्यांचे एक पत्र निघते आहे एवढी बातमीसुद्धा प्रस्थापित पत्राच्या पानाला विटाळत होती. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' आले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना स्वतःच भरावे लागत. 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' या १९२८ मधील लेखात त्यांनी आपली ही स्थिती, पत्राचा आर्थिक ताण आणि समाजाचे कर्तव्य या तिन्ही गोष्टी वाचकांसमोर मांडल्या. मला हा लेख नियतकालिकाच्या निवेदनाचा आदर्श वाटतो. त्यात लाचारी नाही, आणि 'संपादक मंडळाचा निर्णय अंतिम राहील' हा दरबारी तोराही नाही. संपादक आपली स्थिती सांगतो, हिशेब देतो आणि मग मागणी करतो. वाचकाला तो ग्राहक समजत नाही. त्याला तो जबाबदार भागीदार मानतो. आपल्या नियतकालिकांच्या निवेदनांत हा सूर किती उरला आहे, हे प्रत्येकाने आपल्या टेबलावरचा अंक उघडून पाहावे.

साठोत्तरी अनियतकालिकांनी निमंत्रणाचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. १९५५ मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी 'शब्द' सायक्लोस्टाइल करून काढले. पुढे 'असो', 'वाचा', 'फक्त', 'येरू' अशी मालिका आली. आम्हाला कोणी बोलावणार नाही, म्हणून आम्हीच आमचा कागद काढू, हा त्यामागचा पवित्रा होता आणि तो रास्त होता. राजा ढाले यांनी १९६९ मध्ये 'सत्यकथे'विरुद्ध जे बंड केले ते एका मासिकापुरते नव्हते. वाङ्मयीन अभिरुचीची चावी कोणाच्या कमरेला आहे, हा त्या बंडाचा प्रश्न होता. परंतु त्याच 'सत्यकथे'ची एक गोष्ट बंडखोरांनी उचलायला हवी होती. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकाला सविस्तर पत्रे लिहीत. कथा कुठे अडते, शेवट का पटत नाही, हे कळवीत आणि पुन्हा लिहून मागवीत. त्यांची अभिरुची आपल्याला मान्य नसेल, पण लेखकामागे घेतलेले ते श्रम खरे होते. बंड अभिरुचीविरुद्ध व्हायचे होते. त्या धामधुमीत पत्र लिहिण्याची शिस्तही आपल्या हातून निसटली. आज आपल्या निवेदनात 'पत्रव्यवहार केला जाणार नाही' ही ओळ अभिमानाने छापली जाते, तेव्हा प्रस्थापितांचा अहंकार आपण घेतला आणि त्यांचे कष्ट सोडून दिले, असेच म्हणावे लागते.

दलित साहित्याच्या चळवळीला मात्र हाक कशी द्यावी हे ठाऊक होते. 'मराठवाडा'च्या १९६९ च्या दिवाळी अंकात दलित साहित्यावर चर्चा घडवून आणली गेली. दलित लेखकांना तिथे केवळ कविता मागितली नव्हती, विचार मागितला होता. १९७२ मध्ये 'साधना'ने स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त १५ ऑगस्टचा विशेषांक काढला आणि त्यात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्य दिन' आला. त्या लेखावरून केवढे वादळ उठले हे सर्वांना माहीत आहे. निमंत्रण खरे असेल तर यजमानाला अडचणीत आणणारे उत्तर येते, हा त्या प्रसंगाचा धडा आहे. ज्या विशेषांकामुळे यजमानाच्या अंगावर कधीच काही येत नाही, त्याचे निमंत्रण तपासून पाहावे.

आणि 'अस्मितादर्श'. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी तेव्हाच्या औरंगाबादेतून हे त्रैमासिक चालवले आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्याची धुरा वाहिली. त्यांनी केवळ अंकात निवेदन छापून वाट पाहिली नाही. गावोगावी लेखक-वाचक मेळावे भरवले. 'लेखक' आणि 'वाचक' हे दोन शब्द एकाच मांडवात आणणे हीच मुळात एक वाङ्मयीन भूमिका होती. आज ऐकायला आलेला उद्या लिहील, असे ती भूमिका मानते. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी तर याच्याही पुढचे पाऊल टाकले. 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ मधील ग्रंथासाठी त्या आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या घरी गेल्या, त्यांचे ऐकले आणि लिहून घेतले. जिला लिहिता येत नाही तिलाही साहित्यात जागा आहे, पण त्यासाठी निमंत्रण तिच्या उंबऱ्यापर्यंत चालत गेले पाहिजे.

निवेदनाची ताकद केवढी असते हे पाहण्यासाठी अमेरिकेतील एक उदाहरण देतो. काळ्या लेखकांच्या साहित्याशी दलित साहित्याचे नाते डॉ. म. ना. वानखेडे, डॉ. जनार्दन वाघमारे आदींनी आपल्याकडे पूर्वीच उलगडून दाखवले आहे, म्हणून हे उदाहरण परके वाटू नये. नॅशनल अर्बन लीग या संस्थेचे 'ऑपॉर्च्युनिटी' हे मासिक १९२३ मध्ये निघाले. चार्ल्स जॉन्सन हे समाजशास्त्रज्ञ त्याचे संपादक होते. १९२४ मध्ये त्यांनी मासिकातून काळ्या लेखकांसाठी वाङ्मयीन स्पर्धा जाहीर केली. मे १९२५ मध्ये निकाल लागला. कवितेचे पहिले पारितोषिक लँगस्टन ह्यूज यांना मिळाले. कथा आणि नाटक या विभागांत झोरा नील हर्स्टन यांचे नाव होते. पारितोषिक समारंभाला प्रकाशक आणि संपादक मुद्दाम बोलावले होते. एका मासिकातल्या जाहीर आवाहनाने एका पिढीला छापखान्याचा रस्ता दाखवला.

पण या उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्पर्धेच्या पुढील वर्षी बक्षिसांसाठी पैसा दिला तो कॅस्पर होल्स्टाइन यांनी. हार्लेममधील आकड्यांच्या जुगारातून, आपल्या भाषेत मटक्यातून, त्यांनी तो मिळवला होता. प्रतिष्ठित दात्यांपेक्षा वस्तीतला मटकेवाला साहित्याला जवळचा निघाला, यावर आपण हसू नये. आपल्या कित्येक जयंती-अंकांच्या जाहिराती कुठून येतात ते आठवावे. १९२७ च्या स्पर्धेनंतर जॉन्सन यांनी ती थांबवली. दरम्यान १९२६ मध्ये वॉलेस थर्मन, ह्यूज, हर्स्टन आदी तरुणांनी 'फायर' नावाचे स्वतःचे नियतकालिक काढले. सभ्य काळ्या मध्यमवर्गाला काय रुचेल याची पर्वा न करता त्यांना लिहायचे होते. त्याचा एकच अंक निघाला. बक्षिसाच्या निमंत्रणाने लेखक घडतात आणि त्याच निमंत्रणाच्या चौकटीत ते गुदमरतात. ही दोन्ही सत्ये संपादकाने एकाच वेळी ध्यानात ठेवली पाहिजेत.

आता आजच्या निवेदनांकडे येऊ. गेली काही वर्षे मी ती गोळा करून वाचतो आहे. छापील अंकांतली, भ्रमणध्वनीवर फिरणारी, महाविद्यालयाच्या फलकावर लावलेली. त्यांतून मला चार गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट टंकलेखनाची. 'मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून ईमेलनेच पाठवावा, हस्तलिखित स्वीकारले जाणार नाही.' संपादकाची अडचण मला कळते. टाइप करून घ्यायला पैसे पडतात. पण या एका ओळीने कोण गळते याचा विचार कोणी केला आहे काय? माझ्या ओळखीच्या एका सफाई कामगाराने गटारात उतरण्याच्या अनुभवावर साठ पानांची वही लिहिली. त्याने ती एका परिवर्तनवादी म्हणवणाऱ्या नियतकालिकाकडे पाठवली, तेव्हा 'टाइप करून पाठवा' एवढे तीनच शब्द परत आले. त्याने पुन्हा काही पाठवले नाही. हाताने मैला साफ करण्यास कायद्याने बंदी आहे. १९९३ चा कायदा आहे, २०१३ चा आहे. तरी माणसे गटारात मरतात. त्या गटाराची साक्ष देणारी वही कळफलकावाचून अडली. त्याच अंकात 'श्रमिकांचे सौंदर्यशास्त्र' या विषयावर लेख होता!

दुसरी गोष्ट शुद्धलेखनाची. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ ची चार नियमांची भर, असे अठरा नियम आज मराठीत चालतात. ऱ्हस्व-दीर्घ सुधारणे हे मुद्रितशोधकाचे काम आहे आणि ते त्याने जरूर करावे. परंतु 'लेखन प्रमाण भाषेत असावे' ही अट आपल्याच नियतकालिकांत दिसते तेव्हा आश्चर्य वाटते. १९६३ मध्ये बाबुराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' आले. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, आणि त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना त्यातल्या शब्दांचे अर्थ कवीकडून समजून घ्यावे लागले. तेंडुलकरांनी शब्द विचारून घेतले, ते बदलून मागितले नाहीत. आपला संपादक आज ते बदलून मागत असेल, तर अर्धशतकात आपण पुढे गेलो की मागे?

तिसरी गोष्ट विशेषांकांची. एप्रिलमध्ये जयंती विशेषांक, ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र विशेषांक, डिसेंबरमध्ये महापरिनिर्वाण विशेषांक. या तीन महिन्यांत दलित लेखकाला सगळीकडून फोन येतात आणि उरलेल्या नऊ महिन्यांत त्याला कोणी ओळखत नाही. मुख्य प्रवाहातील नियतकालिके असे करतात, त्याचे नवल नाही. त्यांना आपण पाहुणा म्हणून हवे आहोत, घरचे म्हणून नव्हे. पण आपलीही नियतकालिके हेच पंचांग चालवू लागली, तर लेखकाला दर वर्षी तेच अभिवादन वेगळ्या शब्दांत लिहावे लागते. बाबासाहेबांवर शंभर कविता येतात. बाबासाहेबांनी मांडलेल्या जमिनीच्या, मजुरीच्या, स्त्रीच्या प्रश्नांवर एक कथा येत नाही. हा कवींचा दोष नाही. आपण मागतो तेच ते देतात.

चौथी गोष्ट गुणांची आणि पैशांची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीपासून प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या प्रकाशनांच्या गुणांशी बांधल्या. तेव्हापासून 'लेख पाठवा' या निवेदनाला 'आयएसएसएन प्राप्त' हे बिरुद लागले. वस्तुतः हा आठ अंकी क्रमांक केवळ नियतकालिकाची ओळख पटवतो, दर्जाची हमी देत नाही. तरी त्याच्या जोरावर लेखकाकडून पैसे घेऊन लेख छापणारी दुकाने उभी राहिली. आयोगाने २०१८ मध्ये 'केअर' यादीची घोषणा केली, २०१९ मध्ये ती सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद करण्यात आली. यादी आली आणि गेली, दुकाने राहिली. यात सर्वाधिक भरडला जातो तो पहिल्या पिढीचा संशोधक विद्यार्थी. शिष्यवृत्ती वेळेवर न मिळणारा, वसतिगृहात राहणारा विद्यार्थी हजार-दोन हजार रुपये भरून फुले-आंबेडकरी विचारांवर लेख छापतो, आणि तो लेख त्याच्याशिवाय कोणी वाचत नाही. याला ज्ञानव्यवहार म्हणायचे काय? पूर्वी शिकण्यावर बंदी होती, आता शिकल्याच्या पुराव्यावर पट्टी बसली आहे. आपल्या चळवळीच्या एकाही नियतकालिकाने या बाजारात आपले नाव भाड्याने देऊ नये.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. दार असे सताड उघडले तर दर्जाचे काय? कच्च्या, घोषणाबाज मजकुराने अंक भरतील, आणि 'दलित साहित्य एकसुरी झाले' असे म्हणणाऱ्यांच्या हाती आयतेच कोलीत मिळेल. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मीही असे अंक वाचले आहेत आणि कंटाळलो आहे. पण दाराचा प्रश्न आणि दर्जाचा प्रश्न एक नव्हेत. दार रुंद असावे, निवड कठोर असावी. निवडीचा कठोरपणा लेखकाला कारणासह कळवला तरच तो न्याय्य ठरतो. कारण न देता नाकारणे ही आपल्या समाजाने पिढ्यान्पिढ्या भोगलेली गोष्ट आहे. विहिरीवर, देवळात, शाळेच्या पायरीवर आपल्याला कोणी कारणे दिली नव्हती. तीच रीत आपल्या संपादकाने चालवावी काय? उलट, सहानुभूतीने कच्ची कविता छापणे हाही अपमानच. 'बिचाऱ्याने लिहिले आहे' या भावनेने जो छापतो तो लेखकाला समान मानीत नाही. 'ही कविता तिसऱ्या ओळीनंतर भाषण होते, पुन्हा लिहा' असे कळवणारा संपादकच त्याला समान मानतो.

संपादक एकटा असतो, नोकरी सांभाळून अंक काढतो, खिशातून कागद घेतो, हे मी जाणतो. म्हणूनच हे काम संपादकावर टाकून आपण मोकळे होऊ नये. या पानांचे वाचक बहुतांशी शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयातील पाच विद्यार्थी महिन्याला एक हस्तलिखित टाइप करून देऊ शकत नाहीत काय? मराठीचा शिक्षक वर्षाला दहा नवोदितांना दहा पत्रे लिहू शकत नाही काय? मोर्चाची पत्रके रात्रभर जागून वाटणारा कार्यकर्ता वस्तीतल्या आशा सेविकेचे, वीटभट्टीवरच्या बाईचे बोलणे तासभर ऐकून उतरवू शकत नाही काय? बाबासाहेबांना रकानेच्या रकाने एकट्याने भरावे लागले, कारण लिहिणारे हात तेव्हा मोजके होते. आज हात पुष्कळ आहेत. तरीही संपादक एकटा पडत असेल, तर कारण दुसरे शोधले पाहिजे.

आपल्या प्रत्येक नियतकालिकाने पुढील निवेदन असे छापावे, अशी माझी मागणी आहे :

हस्तलिखित चालेल. बोलीत लिहिलेले चालेल. शब्दाचा अर्थ आम्ही विचारू, शब्द बदलणार नाही. लिहिता येत नसेल तर कळवा, आमचा माणूस येईल. मजकूर पोचल्याचे पंधरा दिवसांत आणि निर्णय तीन महिन्यांत कळवू. नाकारल्यास कारण लिहू. छापण्यासाठी पैसे घेणार नाही. मानधन देता आले नाही तर तसे आधीच सांगू. अंकाच्या दोन प्रती मात्र नक्की देऊ. विषयाचे बंधन नाही. जयंतीची वाट पाहू नका. आमच्यावर टीका असेल तर तीही पाठवा.

यातले प्रत्येक वाक्य पाळायला कष्टाचे आहे. म्हणूनच ते छापल्याने नियतकालिकाची परीक्षा सुरू होते. ज्याला हे पाळता येणार नाही त्याने आपल्या मुखपृष्ठावरील 'परिवर्तनवादी' हा शब्द काढून टाकावा आणि मग खुशाल पत्रव्यवहार बंद ठेवावा. आमची वही पोचली की नाही, एवढे विचारण्याचा अधिकार आम्ही सोडणार नाही.